जाजमाच्या कडेपर्यंत

कोणी माझ्या स्वागताला पुढे आले की मी त्यांची पावले मोजतो. तोंडाने प्रवासाचे, हवेचे बोलत असतो आणि डोळे जमिनीकडे असतात. एक, दोन, तीन. ही खोड मला ठाण्यात लागली, नौपाड्यातल्या एका कौलारू घराच्या ओसरीवर. ज्यांनी ती लावली ते आता नाहीत. आज इतक्या वर्षांनी त्यांच्याविषयी लिहायला बसलो, तरी पहिली आठवण चेहऱ्याची येत नाही, पायांची येते. लहान, गोरे, स्वच्छ धुतलेले पाय, जाजमाच्या काठाशी जुळवून ठेवलेले. काठाच्या एक बोटही पुढे नाहीत.

गावात त्यांना पावलेवकील म्हणत. ते कोर्टातले वकील नव्हते. एखाद्या संस्थानाच्या वतीने इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबाच्या छावणीत राहायचे, महाराजांचे म्हणणे साहेबाला आणि साहेबाचे महाराजांना पोहोचवायचे, असे काम करणाऱ्यालाही वकीलच म्हणतात. ते काम त्यांनी पुष्कळ वर्षे केले. मग एकाएकी ते सुटले आणि विधवा थोरल्या बहिणीला घेऊन ते ठाण्याला येऊन राहिले. ठाणेच का, असे कोणी विचारले तर म्हणत, "इथे माझं कुणी नाही आणि मी कुणाचा नाही. तटस्थ मुलूख आहे."

नौपाडा तेव्हा गावाबाहेरच होता. भातखाचरे, ताडाची झाडे, थोडी घरे, आणि खाडीकडे पाहिले की मिठागरांचे पांढरे ढीग. त्यांच्या ओसरीवरून ते ढीग दिसत. मला वाटते, घर निवडताना त्यांनी तेवढेच पाहिले असावे. कोणत्याही संस्थानाची हद्द त्या ओसरीवरून दिसत नव्हती.

मी त्या वेळी सकाळी शाळेत शिकवीत असे आणि इतिहास घेऊन एम. ए.ची तयारी करीत असे. बी. ए. झालेल्या मुलापुढे तेव्हा दोन वाटा ठरलेल्या होत्या, वकिलीची परीक्षा किंवा कचेरी. तिसरी एक होती आणि ती थोड्यांनाच ठाऊक होती. संस्थानांना शिकलेली माणसे हवी होती. दिवाणाचा चिटणीस, राजपुत्राचा शिक्षक, एजन्सीतला भाषांतरकार, छावणीतला वकील. राज्ये एकमेकांशी कशी वागतात, तह कसा वाचायचा, खलिता कसा लिहायचा, हे ज्याला येई त्याचे तिकडे नशीब निघे. विद्यापीठात राष्ट्रांच्या कायद्यावरचे एक जाड इंग्रजी पुस्तक नेमलेले होते. ते मी दोनदा वाचले होते आणि त्यातून मला काही येत नव्हते. तेव्हा कोणीतरी म्हणाले, नौपाड्यात जा, एक विक्षिप्त गृहस्थ आहेत, फी घेत नाहीत, पण चालायला लावतात.

खरोखरच चालायला लावले. पहिल्या दिवशी मी पायऱ्या चढून ओसरीवर गेलो तेव्हा ते उठून उभे राहिले आणि जागच्या जागी राहिले. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "तुझी यत्ता समजली का?"

"नाही समजलं."

"मी उठलो, पुढे आलो नाही. तुझी यत्ता शून्य. तहनाम्यांचा पहिला खंड पाठ होईल त्या दिवशी मी एक पाऊल पुढे येईन. एम. ए. झालास की दोन. त्याच्यापुढचं तुझ्या वागण्यावर. चल, आता पाऊल टाकायला शीक."

त्यांचे पाऊल ठरलेले होते. एक हात चार बोटे. तेवढ्याच लांबीची वेळूची एक काठी ओसरीच्या कोपऱ्यात उभी असे. ती जमिनीवर ठेवून त्यांनी गेरूने रेघा मारल्या होत्या आणि त्या रेघांवरून आम्ही चालत असू, तोंडाने तहाची कलमे म्हणत. "उभय सरकारांमध्ये" म्हटले की उजवा पाय, "अखंड स्नेह राहील" म्हटले की डावा. दोन महिन्यांनी माझे पाऊल त्यांच्याइतकेच पडू लागले. मी शाळेत फळ्याकडे जाताना देखील तसाच चाले आणि मुले हसत.

माझ्याबरोबर कल्याणहून एक मित्र शिकायला येत असे. त्याला आम्ही कल्याणकर म्हणत असू. तो हुशार होता आणि त्याला कशाचेच भय नव्हते. तो विचारी, "गुरुजी, उद्या एखादा लंगडा राजा निघाला तर?"

"तर त्याची लंगडी पावलं मोजायची, आणि समोरच्यानेही तितकीच लंगडायची," ते जराही न हसता म्हणत.

ते हसले नाहीत म्हणजे त्यांना गंमत कळली नाही असे नव्हे. ते हसू डोळ्यांच्या कोपऱ्यात ठेवीत, खर्च करीत नसत.

त्यांची शिकवण पुस्तकात न सापडणारी होती. दप्तराविषयी ते सांगत, "त्या खोलीतून बाहेर पडताना हात धुवायचे, तोंडही धुवायचं. तिथलं बापाला सांगायचं नाही. गुरूला तर मुळीच नाही, गुरू जास्त चौकस असतो." वकिलाविषयी सांगत, "तोंड धन्याचं असतं. पाय तेवढे आपले. तोंडाला बंदी असेल तेव्हा पायांनी बोलायचं असतं, म्हणून ते सांभाळायचे." आणि आलेले पत्र वाचताना म्हणत, "काय लिहिलंय ते कारकूनही वाचतो. पत्र कुठे गप्प बसलंय तिथे बोट ठेवा. नाही म्हणायला कुणाला परवानगी लागत नाही. माणूस गप्प बसतो तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी असतं."

हे शेवटचे वाक्य म्हणताना ते दर वेळी मिठागरांकडे पाहत. तेव्हा मला वाटे, डोळ्यांना विसावा म्हणून पाहत असतील.

एकदा माजिवड्याच्या आगऱ्यांचा मुलगा आणि नौपाड्याच्या आगऱ्यांची मुलगी यांचे लग्न होते आणि व्याहीभेटीवरून वरात रस्त्यात अडली. आधी पुढे कोणी जायचे यावर दोन्ही व्याही इरेला पेटले होते. शेवटी दहाबारा माणसे ओसरीसमोर आली.

"वकीलबाबा, पोरगा आमचा. आमी फुडं का जाव? तेंनी यावं," माजिवडेकर म्हणाला.

"आन आमची पोरगी काय रस्त्यावं गावली?" नौपाडेकर गरजला.

पावलेवकील काठी घेऊन मागच्या दाराने निघाले. मी आणि कल्याणकर मागे. त्यांनी दोन्ही व्याह्यांना समोरासमोर उभे केले, मधले अंतर काठीने मोजले, बरोबर मध्यावर एका बाईकडून मूठभर मीठ मागून ओतले आणि सांगितले, "दोघांनी सात सात पावलं यायचं. मिठाशी थांबायचं."

"बरं. पन आदी वाकंल कोन?" माजिवडेकराने विचारले.

"मी तीन म्हणेन. दोघं एकदम."

त्यांनी तीन म्हटले. दोघे एकदम वाकले आणि त्यांची पागोटी एकमेकांवर आपटली. सगळे हसले, वाजंत्री सुरू झाली. परतताना ते इतके खुशीत होते की काठी हातात फिरवीत होते. कल्याणकर माझ्या कानात म्हणाला, "यांच्या आयुष्यात मोडला न गेलेला हा एकच तह असावा." ते पुढे चालत होते. त्यांनी ते ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. काठी मात्र फिरायची थांबली.

मी एम. ए. झालो. ते दोन पावले पुढे आले. पुढे केव्हातरी, मी काय केले म्हणून ते मला आठवत नाही, ती तीन झाली. तिसऱ्या पावलाला जाजम संपत असे. त्यापुढे ते कोणासाठी गेल्याचे मी पाहिले नाही, मग मामलेदार येवोत की गावातले सावकार. ओसरीच्या खाली अंगण होते, अंगणात चाफा, चाफ्यापलीकडे बांबूचे फाटक. त्या अंगणात ते फिरायला देखील उतरत नसत. उतरायचे तर मागच्या दाराने.

एका सकाळी शेजारचे शास्त्रीबुवा प्रसाद घेऊन आले. सत्तरी उलटलेले, दृष्टी अधू. आक्कांनी, म्हणजे गुरुजींच्या थोरल्या बहिणीने, नुकत्याच पायऱ्या सारवल्या होत्या. बुवांचा पाय घसरला आणि ते पायरीवर बसकण मारून पडले. प्रसादाची वाटी अंगणात गेली. मी आणि कल्याणकर ओसरीच्या टोकाला बसलो होतो, उठून धावलो. बुवांना उचलता उचलता मी वर पाहिले. गुरुजी जाजमाच्या काठाशी उभे होते. दोन्ही हात पुढे पसरलेले, आणि पाय तिथेच.

आक्का बाहेर आल्या. त्यांनी बुवांना पाणी दिले, गुडघा चोळला, माणूस सोबत देऊन घरी पाठवले. मग त्या भावाकडे वळल्या.

"म्हातारा माणूस पडला, आणि तू उभा?"

"मला उतरता आलं नाही, आक्का."

"एकदा नऊ पावलं उतरलास म्हणून काय जन्मभर खांब होणार आहेस?"

ते वळले. आत गेले आणि खोलीचे दार लोटून घेतले.

आक्का पडवीत डाळ निवडायला बसल्या. आम्ही जायला निघालो तर म्हणाल्या, "बसा. ऐकलंतच आहे तर नीट ऐका. अर्धवट ऐकून गावभर कराल."

त्यांनी सांगितले ते असे. छावणीत संस्थानाचा एक बंगला होता आणि एजंटसाहेब तिथे भेटीला येई तेव्हा वकिलाने त्याला जाजमाच्या कडेपर्यंत येऊन घ्यायचे, असा जुना रिवाज होता. वकील महाराजांच्या जागी उभा असतो, त्यामुळे वकील जिथवर जाईल तिथवर महाराजांनीही जायचे असा त्याचा अर्थ. एके दिवशी साहेब घोड्यावरून उतरताना त्याचा पाय रिकिबीत अडकला आणि घोडा चालू लागला. वकील धावले. पायऱ्या उतरून नऊ पावले. घोड्याचा लगाम धरला, साहेबाचा पाय सोडवला. साहेबाने आभार मानले. साहेबाचा कारकून शेजारी वही घेऊन उभा होता, त्याने रिवाजाप्रमाणे पावले मोजून लिहिली. पुढल्या वर्षी साहेब बदलला. नव्या साहेबाने वही काढली आणि म्हणाला, तुमच्याकडे खाली उतरून घेण्याची पद्धत आहे.

"आणि महाराजांचे गुडघे धरलेले," आक्का म्हणाल्या. "भर दरबारात दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना पायऱ्या उतरवलं. ते याला एक शब्द बोलले नाहीत हो. दुसऱ्या दिवशी शाल आणि नारळ आला. त्याचा अर्थ याला कुणी सांगावा लागला नाही."

कल्याणकराने समोरची डाळ उगाच सारखी केली. 

"पण घोड्यामुळे उतरले होते ना ते?" मी म्हणालो.

"तेच तर. वहीत ते लिहिलंय का? लिहिलं असेल तर ती पद्धत नव्हे, अपवाद. लिहिलं नसेल तर याच्या एकट्यामुळे एका राजाचा मान गेला. संस्थानातून पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, नऊ पावलांची नोंद आहे. घोड्याचं विचारलं होतं, त्याचं होही नाही आणि नाहीही नाही. पत्र गप्प." त्यांनी डाळीतला एक खडा उचलून अंगणात फेकला. "ही विद्या त्याने तिथून आणली आहे, बाळांनो. पुस्तकातून नाही."

त्यानंतर वर्षभराने मला नोकरी लागली. एजन्सीच्या कचेरीत भाषांतरकाराची. मी अर्ज तीन ठिकाणी केले होते आणि योग असा की उत्तर आले ते जिथल्या वहीत गुरुजींची नऊ पावले होती त्याच कचेरीतून. पत्र घेऊन मी नौपाड्यात गेलो. त्यांनी ते दोनदा वाचले, मग घडी करून परत दिले. घडी वाकडी पडली होती. त्यांच्या हातून वाकडी घडी पडलेली मी कधी पाहिली नव्हती.

"उत्तम," ते म्हणाले. "कोणाच्याही घरी जेवायला जाऊ नकोस. जायचंच तर सर्वांच्या घरी जा. भाषांतर करताना साहेबाला बरं वाटेल असं करू नकोस, महाराजांना बरं वाटेल असंही करू नकोस. दप्तराची खोली उत्तरेला आहे, तिथे एक जुनी..."

ते थांबले. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काही नाही. तिथलं पाणी जड आहे. उकळून पी."

मी निघालो तेव्हा ते तीन पावले आले, जाजमाच्या काठापर्यंत. मी फाटकातून मागे पाहिले. तसेच उभे होते.

त्या संस्थानाचे आणि छावणीचे नाव मी लिहीत नाही. रुजू होताना मी दप्तरातले बाहेर न बोलण्याची शपथ घेतली होती आणि तेवढी अजून पाळतो आहे. बाकीची आज मोडतो आहे, कारण त्यात गुंतलेले सारे आता गेले आहेत.

ती वही मला सातव्या महिन्यात सापडली. सरहद्दीच्या जुन्या तंट्याचे कागद काढायला मी दप्तरात गेलो होतो. भेटींच्या नोंदीच्या दोन वह्या असत, एक अस्सल, त्याच दिवशी लिहिलेली, आणि दुसरी सुवाच्य अक्षरातली नक्कल. साहेब लोक पाहत ती नक्कल. अस्सल मागच्या कपाटात पडून असे. नकलेत एक ओळ होती: वकील पायऱ्या उतरून नऊ पावले पुढे आले. अस्सल वहीतही तीच ओळ होती. आणि तिच्या शेजारी, समासात, साहेबाच्या स्वतःच्या हातच्या दोन ओळी. माझा पाय रिकिबीत अडकला होता, वकील माणुसकीने धावून आले, हे स्वागतात धरू नये.

नक्कल करताना समासातला मजकूर घ्यायचा नाही, असा त्या दप्तराचा रिवाज होता. समासात बहुधा हिशेबाच्या खुणा असत. कोणीतरी एका कारकुनाने रिवाज पाळला होता, दुसरे काही नाही.

 हात धुवायला विसरलो. वही घेऊन तसाच शिरस्तेदारांकडे गेलो. ते सुपारी कातरत होते. त्यांनी समास वाचला, वही मिटली.

"मग?"

"हे साहेबांच्या नजरेस आणायला हवं. नक्कल अपुरी आहे."

"अहो, ते महाराज वारले. हे नवे महाराज आपण होऊन पायऱ्या उतरतात. विलायती बूट आणलेत ना, ते दाखवायचे असतात. आता कोणासाठी उकरता?"

"एका माणसाला हे कळलं तर..."

शिरस्तेदारांनी अडकित्ता खाली ठेवला. "मागच्या महिन्यात एकजण मेहुण्याला पत्र लिहून बसला. साध्या बदलीची बातमी. कुठे आहे तो आता? तुम्ही शिकलेले आहात. शिकलात कोणाकडे?"

मी नाव सांगितले. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "मग तर त्यांनी तुम्हाला शिकवलं असेल."

शिकवले होते. बापालाही नाही, गुरूला तर मुळीच नाही. मी वही जागेवर ठेवली. साहेबापर्यंत जाण्याचे धैर्य मला झाले नाही, हेही इथे लिहिले पाहिजे. सगळाच दोष शपथेवर टाकणे बरे नव्हे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठाण्याला आलो. त्याच दिवशी दुपारच्या गाडीने पुढे कल्याणला जायचे होते, कल्याणकराने जेवायला बोलावले होते. सकाळी नौपाड्यात गेलो. गुरुजी वाळले होते. माझ्यासाठी उठले आणि तीन पावले आले. त्यांचे पाय काठाशी जुळले, आणि मला एकदम वाटले, आता सांगून टाकावे. दोनच ओळी तर आहेत.

आक्कांनी पन्हे आणले. आम्ही बसलो.

"तिकडची हवा?" त्यांनी विचारले.

"कोरडी आहे."

"दप्तराची खोली?"

"उत्तरेलाच आहे. हवेशीर आहे."

"वाळवी?"

"नाही. जुन्या वह्या चांगल्या राहिल्या आहेत."

ते मिठागरांकडे पाहू लागले. ऊन इतके होते की ढिगांकडे बघवत नव्हते. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "अस्सल आणि नक्कल, दोन्ही ठेवतात अजून? दोन्हींत काही फरक आहे?"

पन्ह्याचा पेला माझ्या हातात होता. मी त्यात पाहत राहिलो. नाही म्हणालो असतो तर खोटे झाले असते. होय म्हणालो असतो तर शपथ मोडली असती, आणि ती त्यांच्यासमोर, त्यांच्याच ओसरीवर. मी बोललो नाही. आक्का दाराशी उभ्या होत्या.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "माझं चुकलं. असं विचारायचं नसतं." आणि मग, अगदी सावकाश, "चांगला शिकलास."

त्यानंतर ते कल्याणकराची चौकशी करू लागले. कल्याणकराने संस्थानाची वाट सोडून गावीच वकिली मांडली होती. तो म्हणे, दोन भावांच्या बांधाच्या भांडणात या विद्येचा जितका उपयोग होतो तितका कोणत्याच दरबारात होत नसेल. मी ते सांगितले. गुरुजी हसले, डोळ्यांच्या कोपऱ्यात नव्हे, तोंडभर. मला ते विचित्र वाटले. मी त्यांना दुखवून बसलो होतो आणि ते हसत होते.

गाडीची वेळ झाली. मी नमस्कार केला, पायऱ्या उतरलो. मागे पावले वाजली. वळून पाहिले तर ते जाजमाच्या कडेवरून पुढे आले होते. ओसरीच्या पायऱ्या उतरले. तापलेल्या अंगणात अनवाणी आले. मी जागच्या जागी थिजलो. ते चाफ्यापर्यंत आले आणि खोडाला हात टेकून थांबले.

"जा," ते म्हणाले. "गाडी चुकेल."

तिथून फाटक एक पाऊलभर होते. ते आणखी एक पाऊल टाकते तर मला फाटकापर्यंत पोहोचवल्यासारखे झाले असते. पण ते थांबले. स्टेशनावर जाईपर्यंत माझ्या मनात तेवढेच घोळत राहिले. इतके आले, मग ते एक पाऊल का नाही? मी गप्प बसलो त्याची ती शिक्षा असेल, असे मी ठरवून टाकले. ज्या माणसाने मला पावले मोजायला शिकवले त्याची पावले मी त्या दिवशी मोजली नाहीत.

श्रावणात कल्याणकराचे पत्र आले. तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी ते गेले. मला रजा मिळाली ती थेट मार्गशीर्षात. त्या चार महिन्यांत मी रोज दप्तरात जात होतो आणि रोज त्या कपाटासमोरून परत येत होतो. जिवंत माणसाला दोन ओळी सांगितल्या असत्या तर कोणाचे काय गेले असते? ते तसेच जाजमाच्या काठाशी उभे राहून गेले, राजाचा मान घालवणारा माणूस म्हणून, आणि त्यांना सोडवणारी वही माझ्या हाताच्या अंतरावर होती.

मी नौपाड्यात पोहोचलो तेव्हा आक्का कोकणात पुतण्याकडे जायच्या तयारीत होत्या. भांडी बांधलेली, जाजम गुंडाळून भिंतीशी उभे. ओसरी ओळखू येत नव्हती. गेरूच्या रेघा तेवढ्या जमिनीवर होत्या.

"ही तुझ्यासाठी ठेवली आहे," म्हणून त्यांनी कोपऱ्यातली वेळूची काठी मला दिली. "दुसऱ्या कुणाला काय उपयोग?"

मी काठी घेऊन उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "आक्का, शेवटी शेवटी त्यांना फार त्रास झाला का? मनाचा?"

"मनाचा?" त्यांनी आश्चर्याने पाहिले. "अरे, तू येऊन गेलास त्या दिवशी तो पोटभर जेवला. दुसरं वाढून घेतलं. मी म्हटलं, त्या पोराने तर तुला काही सांगितलंदेखील नाही. तर म्हणतो कसा, आक्का, त्याला नाही म्हणायला कोणाची परवानगी लागली नसती."

 जाजमाची कडा जिथे येई तिथे जमिनीवर फिकट पट्टा उरला होता. तिथे वाकलो आणि काठी ठेवली. मग उचलून पुढे ठेवली. पायऱ्यांवरही एकेक करून, जसे ते मोजायला लावीत तशी.

"काय रे मोजतोस?" आक्का वरून म्हणाल्या.

मी अंगणात आलो. सहा, सात, आठ. आता चाफा समोर होता. खोडावर, त्यांनी हात टेकला होता तेवढ्या उंचीवर, मी माझा हात टेकला, आणि शेवटची काठी ठेवली. तिचे टोक मुळाशी बरोबर लागले.

नऊ.

फाटक तिथून एक पाऊलभर होते.